तुमच्या मालिकेत हॅम कोण कापतं?

—नाही, नाही, तिथंच थांबू नका, वाचा ना पुढं, मी ऐकतेय. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत. न्यूयॉर्कची वकीलबाई गावाकडं येते, मावशी वारलेली, मावशीची बेकरी आता हिची — बरं. मग? नाताळची झाडं लावणारा एक देखणा विधुर — अर्थात. त्याला एक लहान मुलगी, तिला आई हवीय — अर्थातच! आणि शेवटी बर्फ पडतो. फेन्विक साहेब, हे सुचायला तुम्ही कॅलिफोर्नियाहून विमानानं आलात? तिथं बसून नसतं सुचलं? बेकरी म्हणे! आमच्या वॉर्नेके गावातली शेवटची बेकरी बंद झाली तेव्हा माझा नवरा जिवंत होता आणि त्याच्या डोक्यावर केस होते. पाव येतो तो महामार्गावरच्या मोठ्या दुकानातून, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि तुमची ती वकीलबाई इथं आली तर तिला पहिल्यांदा आत्याबाई-मावश्यांची नाही, डासांची भेट होईल. तो चाकू घ्या. घ्या हो. हात धुतलेत ना? मग बसून कशाला बोलायचं. बन उघडायचा, दोन्ही अंगांना लोणी, कडेपर्यंत — मधोमध थापून मोकळं व्हायचं नाही, कडेपर्यंत. जिच्या अंत्यविधीचं हे जेवण आहे ना, हुल्डा स्प्रेग, तिनं चर्चच्या या तळघरात उभं राहून आयुष्यभर आमचे बन उचकटून तपासलेत. आज ती वर शवपेटीत आहे म्हणून आपण गचाळपणा करायचा? नाही करायचा.

आणि ती दुसरी काय होती तुमची? खुनाची. शांत गाव, दर आठवड्याला एक मुडदा, आणि वाचनालयातली बाई खुनी शोधून काढते. साहेब, गावात माणसं आहेत चारशे. दर आठवड्याला एक मारलात तर त्या बाईकडं पुस्तक मागायला कोण उरणार? आणि मला एक सांगा — मुडदा पडला, पोलीस आले, बाईनं चष्मा पुसत खुन्याचं नाव सांगितलं — पुढं काय? त्याला पुरायचं नाही? पुरून आल्यावर माणसांना भूक लागत नाही? तुमच्या मालिकेत हॅम कोण कापतं? दर आठवड्याला एक अंत्यविधी म्हणजे दर आठवड्याला हे एवढं हॅम, एवढे बटाटे सायीत भाजायचे, एवढी जेली लावायची — आमच्या चर्च मंडळातल्या बायका तिसऱ्या भागातच खुन्याला कान धरून घेऊन येतील, की हा घ्या, आणि आता पुरे. — हो, जेलीत गाजरच आहे ते. किसलेलं गाजर, लिंबाच्या जेलीत. का म्हणजे काय का? तुमच्याकडं पाल्याचा रस काढून पितात, मी विचारलं का, का म्हणून?

हसू नका मोठ्यानं, वर उपासना चाललीय. ती खिडकी दिसते, छताला लागून? तिच्यातून नुसती चाकं आणि बूट दिसतात, पण तेवढं पुरतं. कडेची ती चिखलानं भरलेली चाकं — निळी गाडी आहे ती, धुतली नाहीये — ती दिसतायत ना? तिच्यावर लक्ष ठेवा. हलली तर सांगा. का म्हणजे — सांगा तुम्ही, बस. हुल्डाच्या भाच्याची आहे. लेलँड त्याचं नाव. न्यू जर्सीचा, तिकडं शहराच्या बस चालवायचा, निवृत्त झालाय. आत्या आजारी पडली म्हणून मागच्या शरद ऋतूत आला, तिचं सगळं केलं, अंघोळीपासून सगळं, आता ती गेली. जेवण झालं की तो निघाला. सामान भरलंय. माझा काय संबंध? काही संबंध नाही. माझी दोन भांडी आहेत त्याच्याकडं, काचेची, झाकणाची. म्हणून.

लोणी लावा.

काय म्हणालात? जगातली सगळ्यात मोठी वस्तू. म्हणजे गावाला प्रसिद्ध व्हायचंय, म्हणून बावळट महापौर जगातली सगळ्यात मोठी कढई बांधतो, नाहीतर सगळ्यात मोठं मक्याचं कणीस. वा. आमच्याकडं कोंबडी आहे. वळणावर दिसली असेल तुम्हाला. नाही? मग डोकं नसल्यामुळं ओळखली नसेल. सिमेंटची आहे, दोन मजले उंच. वादळात डोकं उडालं ते गुरांच्या पाण्याच्या हौदात जाऊन पडलं, अजून तिथंच आहे, गुरं त्याला वळसा घालून पाणी पितात. आता तुमच्या मालिकेत काय होईल? गावात दोन तट पडतील, मारामारी होईल, महापौर शिडीवरून पडेल. आणि इथं खरं काय झालं? सभा भरली. डोकं बसवायचं का? पहिला उठला, म्हणाला, बाकीच्यांना हवं असेल तर माझी हरकत नाही. दुसरा उठला, म्हणाला, माझीही हरकत नाही, बाकीच्यांची नसेल तर. सगळी सभा अशी. बसवा असं कोणी म्हणालं नाही, नको असंही कोणी म्हणालं नाही, कॉफी पिऊन सगळे घरी गेले आणि कोंबडी तशीच उभी आहे. तुम्ही आम्हाला मूर्ख दाखवता ना, तिथंच तुमचं चुकतं. मूर्ख नाही आम्ही. त्याहून वाईट आहोत. सभ्य आहोत.

खरी मालिका पाहिजे का तुम्हाला? मग ऐका — वही ठेवा खाली, वहीला लोणी लागेल — ऐका नुसतं. हाच हॉल. टेबलावर चॉकलेटच्या वड्यांचा ट्रे, सगळ्या संपल्यात, एक उरलीय. पहिली बाई येते, इकडं बघते, तिकडं बघते, वडी अर्धी कापते, अर्धी ठेवते. दुसरी येते, त्या अर्धीची अर्धी. तिसरा पाद्री, तोही. एक भाग म्हणजे एक माणूस, सावकाश, तोंडावर कॅमेरा. शेवटच्या भागात ट्रेमध्ये एक कण, मुंगीलाही उचलायला संकोच वाटावा एवढा. आणि त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ती वडी हवी होती. पहिल्यापासून. हे आहे तुमचं गाव. किंवा दुसरी घ्या. धान्याच्या कोठारांपाशी चौक आहे, चारी रस्त्यांना थांबा अशी पाटी. चार गाड्या एकदम येतात. पहिला हात करतो — तुम्ही जा आधी. दुसरा म्हणतो — छे, तुम्ही जा. तिसरा, चौथा. पेरण्या होतात, मका वर येतो, कापला जातो, चार गाड्या तिथंच. बायका डबे आणून देतात. एक जण म्हातारा होऊन स्टिअरिंगवरच मरतो, बाकीचे तिघं टोप्या काढतात, छातीशी धरतात — आणि मग त्याच्या गाडीला हात करतात, की तुम्ही जा आधी.

बघा, हसलात. खरं हसलात. स्वतःची बेकरी वाचताना तुम्ही एकदाही हसला नव्हतात, मी बघत होते. — माझी? नाही हो, चौकाची माझी नाही. लेलँडची आहे. मेलेल्याला हात करतात तेवढं माझं. तो आला त्याच आठवड्यात त्या चौकात पोचला, तीन गाड्या एकमेकांना हात करत उभ्या, हा बसचा ड्रायव्हर, ह्यानं हॉर्न दिला आणि मधून सरळ निघून गेला. हॉर्न! गावात आठवडाभर तोच विषय. आणि हा हुल्डाच्या स्वयंपाकघरात येऊन मला विचारतो, मार्लिस, ते तिघं जिवंत आहेत का? म्हणे, ही मालिका आहे, मार्लिस, लिहून पाठवा कोणालातरी.

कुठं म्हणजे, हुल्डाकडंच. संध्याकाळी मी जेवण घेऊन जायचे. मंडळाची पाळी असते, आजारी माणसाकडं आळीपाळीनं जेवण द्यायचं — बरं, सुरुवातीला पाळी होती. नंतर बाकीच्यांच्या पाळ्या मी मागून घेतल्या. म्हटलं, मला काय, एकटीच आहे. वेंडल, माझा नवरा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. हुल्डाला कानानं कमी, त्यामुळं टीव्ही मोठ्यानं, आणि टीव्हीवर तुमच्या त्या बेकऱ्या. हो, बघितल्यात. सगळ्या बघितल्यात! न बघता नावं ठेवीन का? मधे पलंगावर हुल्डा, एका अंगाला तो, एका अंगाला मी. तो म्हणायचा, आता हिच्या बुटाची टाच मोडणार — मोडायची. मी म्हणायचे, आता नाकाला पीठ लागणार — लागायचं. तो म्हणायचा, बर्फ, आणि बोट वर करायचा, आणि खरंच, बोट खाली यायच्या आत बर्फ! हुल्डा ओरडायची, गप्प बसा रे दोघं, मला कळत नाहीये. तिला खरोखर आवडायच्या, बिचारीला. आणि मग आम्ही आमच्या मालिका काढायचो. वड्यांची, चौकाची, एक होती नुसती निरोपाची — पाहुणा गुडघ्यावर थाप मारून म्हणतो, चला तर मग, आणि गाडीपर्यंत पोचायला त्याला मालिकेचे सगळे भाग लागतात. मी त्या हिवाळ्यात इतकी हसलेय की वेंडल असता तर त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

गाडी आहे ना तिथंच? बरं.

नाही, नुसतं हसणंच नाही. आता अर्धं सांगितलंच आहे तर — आणि तुम्ही उद्या जाणार, तुम्हाला कोण ओळखतं इथं. मार्चमधली गोष्ट. हुल्डाला झोप लागली होती. टीव्हीवर तो झाडंवाला त्या वकीलबाईसमोर गुडघ्यावर बसत होता. लेलँड टीव्हीकडंच बघत होता, बघता बघता म्हणाला, मार्लिस, आत्या गेली की मी परत जाणार. माझ्याबरोबर चला. लग्न करू. घर लहान आहे, पण खिडकीतून खाडी दिसते. — मी काय म्हणाले? मी म्हणाले, छे, छे, कशाला उगाच तुम्हाला त्रास.

तोंड काय वासताय? मग काय म्हणणार? पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणायचं? आमच्याकडं पहिल्यांदा विचारल्यावर कोणी कॉफीसुद्धा घेत नाही! पहिला नकार म्हणजे सभ्यपणा. दुसरा नकार म्हणजे समोरच्याला अजून एक संधी, त्याचं मन बदललं असेल तर. तिसऱ्यांदा विचारलं की मग खरं उत्तर. हे कोणी शिकवत नाही, चालायला लागलेल्या पोराला माहीत असतं. वेंडलनं तीनदा विचारलं. एकदा जत्रेत, डुकरांच्या शेडमध्ये. एकदा ट्रकमध्ये. आणि एकदा आमच्या स्वयंपाकघरात, माझे वडील समोर बसून जेवत असताना. तिसऱ्यांदा मी म्हणाले, तुमचा एवढा आग्रहच असेल तर. वडील म्हणाले, मीठ इकडं दे. झालं लग्न. आणि हा? हा म्हणाला, बरं. समजलं. आणि चॅनल बदललं! दुसऱ्या दिवशी बटाट्यांबद्दल माझे आभार मानले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बटाटेच. मी त्याला वाट करून दिली हो — खाडीचा विषय काढला, भिंतींना ओल येते का विचारलं, मासे ताजे मिळतात का विचारलं, दुसरा कोणी असता तर एवढ्यात दोनदा विचारून मोकळा झाला असता — आणि हा मला माहिती देत बसला. भरती कधी, ओहोटी कधी. चित्र काढून दाखवलं! न्यू जर्सीत म्हणे नको म्हणजे नको, आणि हो म्हणजे हो. कसे राहतात ती माणसं एकमेकांबरोबर, देव जाणे.

काय? मी? मी जाऊन सांगू? काय सांगू? फेन्विक साहेब, इथं कोणाला काही हवंय असं आजपर्यंत कोणी मोठ्यानं म्हटलेलं नाही. दुष्काळात पाऊस हवाय असं म्हणताना लोक इकडं तिकडं बघतात. आणि मी जाऊन म्हणू, तुम्ही मला हवे आहात? त्याच्या गाडीतला दिवा बघितलात? येताना त्याच्या गाडीत डोकावला असाल, सगळे डोकावतात. मागच्या सीटवर हुल्डाचा दिवा आहे, झालरीच्या टोपीचा, त्याला सीटचा पट्टा लावलाय त्यानं. माणसाला लावावा तसा. काल मी तिथंच उभी होते, तो पट्टा ओढून बघत होता घट्ट बसला का — लिहू नका! ते लिहायचं नाही. मघाची कोंबडी घ्या, वडी घ्या, मला घ्या पाहिजे तर, माझी टर उडवा, पण तो दिवा तुमच्या मालिकेत दिसला तर मी कॅलिफोर्नियाला येईन.

आणि मी गाडीमागं धावायचं, असं तुमच्या मनात आहे ना? शेवटच्या भागात? दिसतंय तुमच्या तोंडावर. एकसष्ट वय माझं, गुडघा धातूचा, मे महिना आहे, बर्फ नाही. कुठपर्यंत धावू, बिनडोक्याच्या कोंबडीपर्यंत? तुमच्या मालिकेत शहरातला माणूस चौकड्यांचा शर्ट घालून गावातच राहतो. कशाला राहील? इथं आहे काय? मीच राहत नसते, मला कोणी नीट विचारलं असतं तर.

वर का नाही बसले म्हणजे — कोणीतरी खाली लागतं. बरं, दोन बायका होत्या खाली, त्यांना मीच वर पाठवलं. पहिल्या बाकावर तो एकटा बसलाय, दुसरं नातलगच नाही कोणी, शेजारी एवढी जागा. त्या दोघींतल्या आयलीननं जाताना मला कोपरानं ढोसलं, की जा, बस त्याच्या शेजारी. मी म्हणाले, नको, नको, माझं हॅम आहे. हॅम! थंड हॅम, कापून ठेवलेलं. ते कुठं जाणार होतं?

थांबा. ऑर्गन थांबला. झालं शेवटचं गीत. बघा, बूट यायला लागले खिडकीत. आता स्मशानभूमीत जातील, तासाभरात परत येतील, आणि थंड वाऱ्यातून आलेला माणूस दोन बन खातो, एक नाही. किती झाले तुमचे? हे काय, हा बघा, मधेच थापलंय सगळं, कडा कोरड्या, सांगितलं होतं ना — जिन्यावर कोण आहे? अहो, अजून वेळ आहे जेवणाला, वर थांबा —

लेलँड.

नाही, सगळं ठीक आहे इथं. हे? हे कोणी नाहीत, टीव्हीवाले आहेत. तुम्ही कसे आहात? छान झाली उपासना, खालून ऐकू येत होतं. — स्मशानभूमीत? तुमच्या गाडीतून? छे, छे, कशाला उगाच, तुमचं सामान भरलंय, आणि मला इथं — हो, पुढची सीट रिकामी आहे, ते खरं, पण नको. खरंच नको. तुम्ही व्हा पुढं, लोक खोळंबले असतील. बरं. बरं, लेलँड.

काय बघताय माझ्याकडं? बरं म्हणाला आणि चालला. ऐकलंत ना. जड पडतायत पाय, पण चाललाय, एकेक पायरी, वर पोचेल आता, आणि मी इथं हातात — लेलँड! लेलँड, थांबा. नाही, खाली येऊ नका, खाली आलात तर मला बोलता येणार नाही. तिथंच थांबा. पाठ राहू द्या तशीच. आमच्याकडं तीनदा विचारतात, लेलँड. — तीनदा म्हणजे तीनदा. काहीही. कॉफी, वडी, सगळं. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही म्हणायचं असतं, ते नको नसतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. हुल्डानं सांगायला हवं होतं, सगळा हिवाळा पडून होती, तेवढं सांगायला काय झालं होतं तिला. तुम्ही एकदाच विचारलंत. मार्चमध्ये. — गाडीचं नाही हो, लेलँड! गाडीचं वेगळं. ते नाही. खाडीचं. — हो. हो, तेच.

फेन्विक साहेब, चाकू ठेवा आणि मागच्या दारानं निघा. निघा म्हणते ना. त्याला अजून दोनदा विचारायचंय, आणि त्यातलं एकदा मला नको म्हणावं लागेल, ते तुमच्यासमोर नाही जमणार मला.